कोकण किनाऱ्यावर आरसी विमान शिकताना : जागा, वारा आणि पहिले विमान

सुरूचे_बन

रेडिओ-नियंत्रित, म्हणजे आरसी, विमान उडवायला शिकायचे मी ठरवले आहे. विमान अजून घेतलेले नाही. घेण्याआधी किनारपट्टीवर राहून हा छंद करणाऱ्यांचे मत ऐकावे, म्हणून हा धागा काढत आहे. या विषयावर जे लिहिलेले सापडते ते बहुतेक मोठ्या शहरांतले क्लब, त्यांची सपाट मैदाने आणि शेजारी उभा असलेला प्रशिक्षक गृहीत धरून लिहिलेले असते. मी गुहागर तालुक्यात राहतो. आमच्या शाळेच्या पटांगणाला तीन बाजूंनी माड आहेत आणि चौथ्या बाजूने विजेच्या तारा गेल्या आहेत. भात कापल्यावर मळे मोकळे होतात खरे, पण तिथे पावलागणिक बांध आडवे येतात. उरतात दोनच जागा : खाली पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू, आणि वर सडा, म्हणजे जांभ्या कातळाचे उघडे पठार. यांपैकी शिकण्यासाठी कोणती बरी, पहिले विमान तयार घ्यावे की फोम आणून घरी बांधावे, आणि शिकवणारे कोणी नसताना सुरुवात कुठून करावी, याबद्दल कृपया सविस्तर लिहावे.

पुळणकाठ

तुमच्या प्रश्नांच्या आधी मी आणखी एक प्रश्न घालीन : उडवायचे केव्हा? कोकणात नवशिक्याचे विमान पडते ते बहुतेक वेळा चुकीच्या तासाला उडवल्यामुळे, आणि मग दोष मात्र विमानाला दिला जातो.

पाऊस सरल्यापासून मे महिन्यापर्यंत आपल्या किनाऱ्यावरच्या वाऱ्याचा रोजचा क्रम बराचसा ठरलेला असतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, त्यामुळे पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मंद मतलई वारा वाहतो. ऊन चढू लागले की तो पडतो आणि काही काळ हवा जवळपास स्थिर असते. त्यानंतर पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून खारा वारा सुरू होतो, तो दुपारी तीन-चारच्या सुमारास सर्वांत जोरात असतो आणि सूर्यास्तानंतर मंदावतो. शिकाऊ फोमचे विमान साधारण ताशी ३५ ते ४० किलोमीटर वेगाने आरामात उडते. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असेल, तर जमिनीवरून पाहणाऱ्याला ते जागच्या जागी रेंगाळल्यासारखे दिसते, आणि तेच वळून वारा पाठीवर घेऊन निघाले की भरधाव सुटल्यासारखे वाटते. हवेतला त्याचा वेग दोन्ही वेळा सारखाच असतो. शिकणारा मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या वेगावर विश्वास ठेवतो, ‘फार वेगाने चालले आहे’ असे समजून थ्रॉटल (मोटरचा जोर) कमी करतो व एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची आडवी पट्टी) ओढतो, आणि पंखांवरचा हवेचा प्रवाह तुटून विमान एका अंगावर कोसळते. म्हणून पहिला महिना तरी सकाळची वेळ सोडू नये.

जागेबद्दल माझे मत पुळणीच्या बाजूचे आहे. ओहोटीने उघडी पडलेली ओली, घट्ट वाळू ही आपल्याला फुकट मिळणारी धावपट्टी आहे. ती कधी मिळेल ते तिथीवरून काढता येते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती किती वाजता पूर्ण होणार ते मिळते आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या घरांत सर्वांना ठाऊक असतो. पौर्णिमा आणि अमावास्येपासून पुढे द्वितीया-तृतीयेपर्यंत सकाळची ओहोटी पाच ते साडेआठच्या दरम्यान येते, आणि हेच उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणीही सर्वांत दूर जाते. सकाळची शांत हवा आणि रुंद पुळण पंधरवड्यातून तीन-चार दिवस अशी एकत्र मिळते.

कातळसडा

वेळेबद्दलचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, पण त्यातून निघालेला पुळणीचा निष्कर्ष मान्य नाही, आणि त्याचे कारण पुळणकाठ यांच्याच वर्णनात आहे. पहाटेचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. म्हणजे मोटर बंद पडली, संपर्क तुटला किंवा शिकणारा गोंधळून नुसता पाहत राहिला, तर विमान वाऱ्याबरोबर जाते ते थेट पाण्यात. विमान नेहमी आपल्या वाऱ्याकडच्या बाजूला उडवावे, म्हणजे काही बिघडले तरी वाराच ते परत आणतो, हा नियम सकाळी पुळणीवर पाळायचा झाला तर पाण्याकडे पाठ करून पूर्वेला, अर्थात वर येणाऱ्या सूर्याकडे तोंड करून, माडांच्या आणि सुरूच्या डोक्यावर विमान फिरवावे लागेल. हे नवशिक्याला जमणार नाही. शिवाय झाडांच्या ओळीवरून येणारा वारा झाडांच्या मागे गुंडाळत खाली उतरतो, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात विमान हातातून सोडायचे असते.

दुसरी अडचण अशी की आपले किनारे साधारणपणे दक्षिणोत्तर पसरलेले आहेत आणि वारा मात्र पूर्वेचा किंवा पश्चिमेचा असतो. लांबच लांब दिसणारी ती धावपट्टी म्हणजे कायमची आडव्या वाऱ्याची धावपट्टी आहे.

सड्यावर यातले काही नसते. झाडे नाहीत, वारा एकसारखा येतो, आणि वारा कुठूनही असला तरी त्याच्याकडे तोंड करून उभे राहायला जागा असते. दिवाळीनंतर गवत कापून नेले की डिसेंबरपासून सडा मोकळा होतो. जांभा खरबरीत असल्याने पोटावर उतरणारे फोमचे विमान चार दिवसांत खरवडून निघते हे खरे आहे. त्यासाठी गवताचा तुकडा शोधून तिथेच उतरावे आणि पोटाला रुंद चिकटपट्टीचे दोन थर लावावेत. समुद्राकडच्या कड्यापासून मात्र शे-दोनशे मीटर आत राहावे. पश्चिमेचा वारा कड्यावर आपटून वर चढतो आणि कड्याच्या लगेच मागे भोवरे तयार होतात. त्या वर चढणाऱ्या हवेवर मोटर बंद ठेवून ग्लायडर तासन्‌तास उडवता येते, पण तो पुढचा अभ्यास झाला. आणखी एक विनंती : राजापूर-रत्नागिरी भागातल्या अनेक सड्यांवर कातळशिल्पे आहेत आणि त्यांतली काही दगडांच्या साध्या कडेखेरीज कोणत्याही संरक्षणाविना आहेत. तिथे गाड्या नेऊ नयेत आणि विमानेही उतरवू नयेत.

जुना_कॅडेट

एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकलेला असल्यामुळे जागेच्या वादात न पडता विमानाबद्दल लिहितो.

पहिले विमान दिसायला लढाऊ विमानासारखे नसावे. पंख धडाच्या वर बसवलेला, टोकांकडे किंचित वर उचललेला, खालून जवळपास सपाट आणि एक ते सव्वा मीटर लांबीचा असावा. अशा विमानाचे वजन धडाच्या रूपाने पंखाखाली लटकत असते आणि पंखाचा उचललेला कोन त्याला कलल्यावर पुन्हा सरळ करत राहतो. त्यामुळे गोंधळलेल्या शिकाऊने हात सैल सोडले, तर पुष्कळदा ते आपणहून सावरते. थ्रॉटल, एलिव्हेटर आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीवरची उभी पट्टी) अशा तीन चॅनेलांवर शिकणे सोपे जाते, पण माझ्या मते एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) असलेले चार चॅनेलांचे विमान घेऊन तेच शिकावे, कारण किनाऱ्यावरच्या वाऱ्यात फक्त रडरने वळण सावरायला फार वेळ लागतो.

तयार घ्यावे की बांधावे, हा प्रश्न खरे तर दुरुस्तीचा आहे. पहिले विमान पडणारच आहे. ईपीपी या लवचिक फोमचे असेल तर ते दबते, तुटत नाही. नालीदार प्लास्टिकच्या म्हणजे सनपॅकच्या शीटचे असेल तर जड होते, पण फारसे मोडत नाही, आणि शीट तालुक्याच्या गावी फलक रंगवणाऱ्याकडेही मिळते. साधा थर्माकोल टाळावा, कारण तो ठिसूळ असतो आणि फेव्हिक्विकने विरघळतो. घरी बांधलेल्याचा मोठा फायदा असा की पंख मोडला तर संध्याकाळी दुसरा कापता येतो. तयार विमानाचा पंख मागवला की कुरिअरची वाट पाहण्यात हंगाम निघून जातो.

समतोल हा विषय सर्वांत दुर्लक्षित आहे. पंखाची रुंदी २० सेंटिमीटर असेल, तर पुढच्या कडेपासून पाच ते सहा सेंटिमीटरवर, बॅटरीसह, दोन बोटांवर विमान तोलून पाहावे. नाक किंचित खाली झुकले तर चालेल. शेपूट झुकली तर उडवूच नये. बॅटरी पुढे-मागे सरकवून हे सहज साधते.

आता शिकण्याविषयी. हात स्वतःहून बरोबर हलू लागेपर्यंत, म्हणजे निदान काही आठवडे, सिम्युलेटरवर बसावे. पिकासिम मोफत आहे आणि मोबाइलवरही चालते, पण शक्य झाल्यास आपला ट्रान्समीटर केबलने संगणकाला जोडून सराव करावा, कारण काचेवर बोट सरकवण्याचा आणि काठी धरण्याचा संबंध फारसा नाही. सिम्युलेटरवर अनेक जण गिरक्या घेण्यात वेळ घालवतात. शिकायचे असते ते आपल्याकडे तोंड करून येणारे विमान सांभाळणे. विमान दूर जाताना उजवे ते उजवे असते, आपल्याकडे येताना उजवी-डावी उलट होते आणि बहुतेक अपघात इथेच होतात. त्यावर जुना उपाय आहे : समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला काठी न्यावी, जणू खालून त्या पंखाला टेकू देत आहोत. उजवे-डावे असा विचारच करू नये.

सोल्डर_आणि_फ्लक्स

विजेच्या बाजूचे थोडे लिहितो. एक मीटरच्या आसपासच्या विमानाला २२१२ आकाराची, १००० केव्हीची (केव्ही म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला होणारे फेरे) ब्रशलेस मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा भाग), पट्ट्या हलवणारे नऊ ग्रॅमचे सर्व्हो, दहा इंची प्रोपेलर आणि तीन सेलची २२०० एमएएच लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी हा जुळलेला संच आहे. हे भाग भारतात सहज मिळतात, स्वस्त आहेत आणि एकमेकांच्या जागी बसतात. ट्रान्समीटर २.४ गिगाहर्ट्झचा, निदान सहा चॅनेलांचा आणि मोड २ चा घ्यावा, म्हणजे थ्रॉटल डाव्या हाताला येतो आणि इथल्या बहुतेकांचा मोड तोच असल्याने कोणाची मदत घेता येते.

बॅटरी पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला असतो. विमान उतरल्यावर तो ३.७ च्या आसपास मिळाला पाहिजे, म्हणून ट्रान्समीटरवर सुरुवातीला सहा मिनिटांचा गजर लावावा. चार्जर बॅलन्स करणारा, म्हणजे सर्व सेल सारखे भरणारा असावा आणि चार्जिंग चालू असताना घर सोडून जाऊ नये. प्रोपेलर काढल्याशिवाय घरात बॅटरी कधीही जोडू नये. दहा इंची प्रोपेलर बोटाला काय करतो याची छायाचित्रे शोधून एकदा पाहावीत.

फेलसेफ, म्हणजे संपर्क तुटल्यावर मोटर आपोआप थांबवणारी सोय, स्वतः तपासावे. विमान कोणाला तरी घट्ट धरायला सांगून थोडा थ्रॉटल द्यावा आणि ट्रान्समीटर बंद करावा. मोटर ताबडतोब थांबली पाहिजे. ती चालू राहत असेल, तर ते विमान किनाऱ्यावर आणण्याच्या लायकीचे नाही.

पुळणीबद्दल माझा आक्षेप वेगळाच आहे. काळबादेवी, मालगुंड या बाजूच्या वाळूत इल्मेनाइटचे काळे कण भरपूर आहेत आणि त्यांच्याबरोबर मॅग्नेटाइटही येते. ब्रशलेस मोटरमध्ये शक्तिशाली चुंबक असतात. विमान नाकावर वाळूत गेले की हे काळे कण चुंबकांना चिकटून बसतात, फुंकून जात नाहीत, आणि तशीच मोटर फिरवली तर तारांवरचे आवरण खरवडले जाते. वाळूत पडलेल्या विमानाची मोटर मृदू ब्रश आणि चिकटपट्टी यांनी साफ केल्याशिवाय पुन्हा सुरू करू नये. खाऱ्या पाण्यात पडलेले रिसिव्हर आणि ईएससी लगेच गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवूनही महिन्याभरात दगा देऊ शकतात. ते पुन्हा विमानात घालू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

पुळणकाठ

कातळसडा यांनी मांडलेला मतलई वाऱ्याचा मुद्दा योग्य आहे आणि त्यामुळे माझे म्हणणे थोडे बदलून मांडतो. पहाटे पुळणीवर उडवू नये. मधली स्थिर हवा संपून खाऱ्या वाऱ्याची पहिली हलकी झुळूक सुरू होते, गवताची काडी सोडली तर ती जमिनीकडे तिरपी पडते, तो सुमारे तासाभराचा काळ पुळणीवर उत्तम असतो. आपण पाण्याकडे तोंड करून उभे असतो, सूर्य पाठीशी असतो, विमान समुद्राच्या बाजूने उडत असते आणि वारा त्याला आपल्याकडे आणत असतो. मोटर थांबली तरी ते कोरड्या वाळूकडेच येते. मात्र त्यासाठी ओहोटी दहाच्या सुमारास हवी, म्हणजे पंचमी-षष्ठी आली, आणि भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती-ओहोटीचे दिवस, जवळ असल्याने तेव्हा पाणी फार लांब जात नाही. दक्षिणेकडे, सिंधुदुर्गात, तर भरती-ओहोटीतला फरक उत्तरेपेक्षा मुळातच कमी असतो. तेव्हा पहाट सड्यासाठी आणि उशिराची सकाळ पुळणीसाठी, असे म्हणू.

पुळणीवर आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. सिंधुदुर्गात सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असेल, तर त्या भागात विमान बाहेरही काढू नये. दोरावर वीस-पंचवीस माणसे असतात आणि त्यांचे लक्ष वर नसते. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात आणि पिल्ले पहाटे किंवा संध्याकाळी समुद्रात जातात. त्या महिन्यांत ते किनारे सोडून द्यावेत.

सुरूचे_बन

इतक्या तपशिलाबद्दल सर्वांचे आभार. आमच्या गावाजवळच्या सड्यावर पहाटे उडवायचे आणि सनपॅकचे विमान बांधायचे, असे ठरवत आहे. दोन शंका उरतात. किनारी भागात पोलीस आणि ग्रामस्थ उडत्या वस्तूंबाबत सावध असतात, तेव्हा परवानगीचे काय करावे? आणि स्वतः तोल सांभाळणारा गायरो सुरुवातीपासून बसवावा का?

कातळसडा

२०२१ चे ड्रोन नियम केवळ चार पंख्यांच्या ड्रोनला लागू आहेत असा समज आहे, पण ते मानवरहित विमानांनाही लागू आहेत. शिक्षण किंवा मनोरंजनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलची त्यांत वेगळी व्याख्या आहे आणि अशा मॉडेलला टाइप सर्टिफिकेट (त्या प्रकारच्या यंत्राला मिळणारे मान्यतापत्र) लागत नाही. तुमचे विमान २५० ग्रॅम ते दोन किलो या मायक्रो गटात येईल, आणि त्या गटात बिगर-व्यावसायिक उड्डाणासाठी रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. विभागांची बंधने मात्र सर्वांना आहेत. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आधी पाहावा आणि नोंदणीच्या तरतुदीही वाचाव्यात. हिरव्या विभागात ४०० फूट म्हणजे १२० मीटरपर्यंत मुभा आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते आणि त्याच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. रत्नागिरीच्या आसपास राहणाऱ्यांनी मिरजोळ्याचा विमानतळ, परुळे-भोगवे-निवतीच्या लोकांनी चिपी आणि बांद्याच्या लोकांनी मोपा लक्षात ठेवावा. मोपा गोव्यात असला तरी किलोमीटर राज्याची सीमा पाहून मोजले जात नाहीत.

याखेरीज जिल्हा प्रशासन वेळोवेळी उड्डाणबंदीचे तात्पुरते आदेश काढते. म्हणून पोलीस पाटलांना आणि जवळच्या सागरी पोलीस ठाण्याला आधी भेटून विमान दाखवून यावे. सडा बहुधा कोणाच्या तरी मालकीचा असतो, त्यामुळे मालकालाही विचारावे. मोहराच्या दिवसांत कलमांच्या बागांत फवारणीला माणसे असतात, तेव्हा बागांवरून विमान नेऊ नये.

सोल्डर_आणि_फ्लक्स

गायरोबद्दल : झुळुकींचा धक्का शोषून घेणाऱ्या साध्या मोडपुरता बसवावा, आपोआप सरळ करणारा मोड मात्र फक्त संकटासाठी एका स्विचवर ठेवावा. सतत तोच चालू ठेवला, तर वळण घ्यायला शिकण्याचे राहूनच जाते. जोडल्यावर त्याची दिशा नक्की तपासावी. विमान हातात धरून उजवा पंख खाली केला, की उजवा एलेरॉन खाली गेला पाहिजे. उलट झाले तर तोच गायरो विमान पहिल्या दोन सेकंदांत उलथे करील. काठीची तपासणी वेगळी : काठी उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर, काठी स्वतःकडे ओढली की एलिव्हेटर वर. प्रत्येक उड्डाणाआधी विमानाच्या मागे उभे राहून हे पाहावे.

जुना_कॅडेट

माझ्या मते पहिल्या विमानात गायरो नसलेलाच बरा, पण यावर मतभेद राहणार.

पहिल्या दिवसासाठी एवढेच : विमान दुसऱ्या कोणाला तरी सोडायला सांगावे, म्हणजे तुमचे दोन्ही हात काठ्यांवर राहतील. सोडणाऱ्याने ते वाऱ्याच्या तोंडावर, आडवे सरळ ढकलावे, वर फेकू नये. तुम्ही पूर्ण थ्रॉटल देऊन ४० ते ५० मीटर उंची गाठावी, मग थ्रॉटल निम्म्यावर आणून मोठी, सावकाश वळणे घ्यावीत आणि विमानाला आपल्या डोक्याच्या मागे कधीही जाऊ देऊ नये. उतरण्याचा सराव पहिल्या उड्डाणापासून करावा. वाऱ्याच्या तोंडावर येऊन, थोडा थ्रॉटल राखून, दहा मीटरपर्यंत खाली यावे आणि पुन्हा वर जावे. असे पुरेसे झाल्यावर बॅटरी निम्मी असतानाच खरोखर उतरावे, कारण बॅटरी संपत आल्यावर उतरणाऱ्याला चुकलेला उतार सोडून पुन्हा वर जाता येत नाही.

सुरूचे_बन

सर्वांचे पुन्हा आभार. विमान बांधून होईपर्यंत आणि सराव सुरू होईपर्यंत पावसाळा तोंडावर येईल असे दिसते. चार महिने बॅटरी कशी ठेवावी?

सोल्डर_आणि_फ्लक्स

प्रत्येक सेल ३.८ व्होल्टला आणून, चार्जरमध्ये स्टोरेज मोड असतोच, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, आणि डबा लाकडी कपाटात नव्हे, फरशीवर, कपड्यांपासून दूर असावा. महिन्यातून एकदा व्होल्टेज पाहावे. फुगलेली बॅटरी पुढच्या हंगामात वापरू नये. पिवळ्या कनेक्टरांवर हिरवट थर आला असेल, तर नवे कनेक्टर लावावेत, खरवडून चालवू नयेत.